बाल संरक्षण यंत्रणा हलली नाही तर दाद कुठे आणि कशी मागायची

बालविवाहाची खबर आधी देऊनही लग्न लागतं. बालगृहातल्या मारहाणीची चौकशी महिनोन्‌महिने ‘चालू’ असते. पोरक्या लेकराचा बालसंगोपन योजनेचा, म्हणजे दरमहा आर्थिक मदतीचा, अर्ज पडून राहतो आणि आजीला प्रत्येक फेरीत नवं टेबल दाखवलं जातं. तक्रार करायला गेलं की बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं: “हे आमच्याकडे येत नाही.”

हे उत्तर देताच येणार नाही अशी तक्रार कशी लिहायची, ते इथे सांगितलं आहे. बाल न्याय अधिनियम 2015, मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो 2012 आणि बालविवाह प्रतिबंध अधिनियम 2006 या कायद्यांनी कोणी काय करायचं ते पदनामानिशी सांगितलं आहे आणि बऱ्याच कामांना मुदतही घातली आहे. ‘प्रशासन झोपलं आहे’ असं लिहिलेल्या अर्जावर ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित’ एवढा शेरा पडतो. मग तो अर्ज खाली सरकत सरकत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच टेबलावर येऊन बसतो. त्याऐवजी ‘बाल न्याय अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे चार महिन्यांत व्हायचा अंतिम आदेश सातव्या महिन्यातही झालेला नाही’ असं लिहा. मग कोणाला तरी खुलासा करावाच लागतो.

आधी लेकरू, मग तक्रार

मूल आत्ता धोक्यात असेल तर अर्ज लिहीत बसू नका. 1098 (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा 112 (पोलीस व आपत्कालीन मदत) ला फोन करा, नोंद क्रमांक विचारून घ्या आणि वेळेसह कॉल लॉगचा स्क्रीनशॉट ठेवा. पुढे ‘आम्हाला कळवलंच नव्हतं’ असं कोणी म्हणालं तर तोच पुरावा असतो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं असतं (बाल न्याय अधिनियम, कलम 31). हे काम पोलीस, डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ता, साधा नागरिक, इतकंच काय ते मूल स्वतःही करू शकतं. समितीची बैठक नसली तरी एका सदस्यापुढे हजर करता येतं (कलम 28). ‘आज सुट्टी आहे, सोमवारी आणा’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. ते कोणी, कधी दिलं ते त्याच वेळी लिहून ठेवा.

कोणतं कार्यालय कशासाठी

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. जिल्ह्यात ‘महिला बालकल्याण’ नावाची दोन घरं आहेत. एक जिल्हा परिषदेचं: तिथे उपमुख्य कार्यकारी अधिकारी बसतात आणि अंगणवाड्या त्यांच्याकडे असतात. दुसरं जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याचं. ते पुण्याच्या महिला व बाल विकास आयुक्तालयाखाली येतं, आणि बालगृहं, बालसंगोपन, जिल्हा बाल संरक्षण कक्ष हे सगळं तिथलं. बालगृहाची तक्रार जिल्हा परिषदेत दिली तर ती तिथे पडून राहते आणि तुमचे महिने वाया जातात.

बाल कल्याण समिती या दोघांपेक्षा वेगळी. एक अध्यक्ष, चार सदस्य आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेलं हे मंडळ आहे. बालविवाह थांबवण्याची जबाबदारी गावात ग्रामसेवकाची, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याची. शहरात बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याची. गावच्या बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंच. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असायला हवा, आणि तो सहायक उपनिरीक्षकाच्या दर्जाखालचा चालत नाही (कलम 107).

आश्रमशाळा किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलांचं वसतिगृह असेल तर आधी ते कोणत्या खात्याचं आहे हे बघा. आश्रमशाळा आदिवासी विकास किंवा इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या असतात. संत भगवानबाबा योजनेतली वसतिगृहं सामाजिक न्याय विभागाची, तर हंगामी वसतिगृहं शिक्षण खात्याची. प्रशासकीय तक्रार त्या त्या खात्याकडे करायची. गुन्हा घडला असेल तर खातं कोणतंही असो, पोलीस आणि बाल कल्याण समिती दोन्हीकडे जायचं.

तारखांचा तक्ता आणि पोच

एका कोऱ्या कागदावर चार रकाने पाडा: तारीख, काय घडलं, कोणाचं काम होतं, कायद्याची मुदत काय होती. प्रत्येक ओळीपुढे तिचा कागद लावा. तक्ता दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. सुनावणीत समोरचा अधिकारी तेवढाच वाचतो, जाडजूड फाईल उघडतही नाही.

अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या. एक आवक शाखेत द्यायची. दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. नुसता शिक्का मारून देतात आणि क्रमांक राहतो, मग पुढे ‘आवक रजिस्टरला नोंद सापडत नाही’ असं ऐकावं लागतं. क्रमांक समोर उभं राहून लिहून घ्या. साहेब बाहेर आहेत, शिक्का कुलपात आहे असं सांगितलं तर वाद घालू नका. त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवरही टाका. कार्यालयात केलेल्या तोंडी तक्रारीला काहीच किंमत नाही, आणि व्हॉट्सॲपवर साहेबांना पाठवलेल्या मेसेजला फारशी नाही.

वयाचा पुरावाही सुरुवातीलाच मिळवा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 94 मध्ये क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. आधार कार्ड या यादीत नाही. आधारवर मुलगी अठराची दिसते म्हणून पोलीस परत गेले, असं झालं असेल तर शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा उतारा तक्रारीला जोडा.

बालविवाह: खबर दिली, तरी लग्न झालं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 20 ते 24 वयोगटातल्या, अठराच्या आत लग्न झालेल्या महिलांचं प्रमाण राज्यात 21.9 टक्के होतं. परभणीत 48 आणि बीडमध्ये 43.7. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे जोडपं. त्यामुळे टोळ्या निघण्याच्या आधीच्या दिवसांत लग्नं उरकली जातात, आणि यंत्रणेला हे महिने दरवर्षी ठाऊक असतात. ‘अचानक कळलं’ ही सबब म्हणूनच पटत नाही.

एक गोष्ट वारंवार घडते. पथक मांडवात जातं, आईबापाकडून हमीपत्र लिहून घेतं, फोटो काढतं आणि परत येतं. चार दिवसांनी तेच लग्न मामाच्या गावी पहाटे लागतं. हमीपत्र हा कायद्यातला उपाय नाही. उपाय दोन आहेत, आणि तक्रारीत दोन्हींबद्दल विचारायचं. पहिला, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून बालविवाह प्रतिबंध अधिनियमाच्या कलम 13 खाली मनाई हुकूम. तो बालविवाह प्रतिबंधक अधिकारी मागू शकतो आणि माहिती असलेली कोणतीही व्यक्तीही मागू शकते. मनाई मोडून लावलेलं लग्न कलम 14 प्रमाणे मुळातच रद्दबातल असतं. दुसरा, मुलीला बाल कल्याण समितीपुढे हजर करणं. लग्नाच्या उंबरठ्यावर असलेली अल्पवयीन मुलगी बाल न्याय कायद्याच्या व्याख्येतच ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ आहे. या दोन्हींतलं काहीच न करता हमीपत्रावर प्रकरण बंद केलं असेल, तर कसूर कोणाची हे तिथेच ठरतं.

ग्रामपंचायत अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार गटविकास अधिकाऱ्यामार्फत, पण थेट मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद यांच्या नावे करा. शिस्तभंगाची कारवाई तिथून होते. गटविकास अधिकाऱ्यापाशीच थांबलात तर बहुधा ‘समज देण्यात आली’ एवढ्यावर फाईल मिटते. अर्जात तीन प्रश्न ठेवा: खबर किती वाजता मिळाली, कलम 13 चा अर्ज केला का, नसेल तर का नाही. सोबत लग्नात सामील असणाऱ्यांवर कलम 10 आणि 11 खाली गुन्हा नोंदवण्याची मागणी पोलिसांकडे स्वतंत्रपणे करा. हे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत.

खबर देणाऱ्याचं नाव गावात फुटतं, हा सगळ्यात मोठा धोका. गावातल्या माणसावर भरवसा नसेल तर खबर 1098 वरच द्या आणि लेखी अर्जात ‘तक्रारदाराचं नाव गोपनीय ठेवावं’ हे पहिल्या ओळीत लिहा.

समितीचंच काम थांबलं असेल तर

इथे आधी एक फरक नीट समजून घ्या, कारण तो चुकला की प्रकरण हातचं जातं. समितीने दिलेला *आदेश* मान्य नाही ही एक गोष्ट, आणि समितीचं *कामकाज* बरोबर चालत नाही ही दुसरी.

आदेशाविरुद्ध अपील बालक न्यायालयात, म्हणजे जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात, 30 दिवसांत करायचं असतं (बाल न्याय अधिनियम, कलम 101). प्रतिपालकत्व (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं), प्रायोजकत्व (मुलासाठी आर्थिक मदत) आणि अनुरक्षण (संस्थेतून बाहेर पडल्यावरची मदत) यांबाबतच्या निर्णयावरचं अपील मात्र जिल्हादंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याकडेच. बाकीच्या आदेशांतही बरेच नातेवाईक आदेश हाती पडल्यावर जिल्हाधिकाऱ्यांना निवेदनं देत राहतात आणि 30 दिवस उलटतात. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी लेखी मागा. आणखी एक मेख आहे: ‘हे मूल काळजी व संरक्षणाची गरज असलेलं नाही’ असा समितीचा निष्कर्ष असेल तर त्यावर अपील नाही. तिथे उच्च न्यायालयात कलम 102 खाली पुनरीक्षणच मागावं लागतं.

कामकाजाबद्दलची तक्रार जिल्हादंडाधिकाऱ्याकडे. 2021 च्या दुरुस्तीने, जी 1 सप्टेंबर 2022 पासून लागू आहे, कलम 27(10) मध्ये त्यांना तक्रार निवारण प्राधिकारी केलं आहे. मूल किंवा मुलाशी संबंधित कोणीही तक्रार करू शकतं, आणि दोन्ही बाजूंना ऐकून घेऊन आदेश देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तक्रार कशावर करायची? समितीने महिन्यात किमान 20 दिवस बसलं पाहिजे. अंतिम निर्णयाच्या वेळी किमान तीन सदस्य हजर हवेत. सामाजिक तपासणी अहवाल, ज्याला कार्यालयात गृहचौकशी म्हणतात, 15 दिवसांत यायला हवा आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत. सबळ कारणाशिवाय सलग तीन महिने गैरहजर राहणाऱ्या सदस्याची नेमणूक राज्य सरकार चौकशी करून रद्द करू शकतं.

अर्ज असा असू द्या:

“प्रति, जिल्हादंडाधिकारी. विषय: बाल न्याय अधिनियम 2015, कलम 27(10) अन्वये बाल कल्याण समितीच्या कामकाजाबाबत तक्रार. प्रकरण क्रमांक ___. बालकास प्रथम हजर केल्याची तारीख ___. सामाजिक तपासणी अहवालाची मुदत संपल्याची तारीख ___; अहवाल आजअखेर नाही. अंतिम आदेशाची मुदत संपल्याची तारीख ___. आदेश आजअखेर नाही. विनंती: सुनावणी घेऊन आदेश करावा, कलम 36 च्या त्रैमासिक आढाव्यात या प्रकरणाची नोंद घ्यावी, झालेली कार्यवाही लेखी कळवावी. सोबत: तारखांचा तक्ता.”

मुलाचं नाव अर्जात लिहू नका, प्रकरण क्रमांक पुरतो. आढाव्याचा उल्लेख मात्र मुद्दाम करायचा. समितीने प्रलंबित प्रकरणांचा अहवाल दर तीन महिन्यांनी जिल्हादंडाधिकाऱ्याला द्यायचा असतो. त्यांनी उपाययोजना सुचवूनही तीन महिन्यांत थकबाकी तशीच राहिली, तर राज्य सरकारने समिती बरखास्त करून नवी नेमावी, इतकी कडक तरतूद कलम 36 मध्ये आहे. ती वापरली जात नाही, कारण आढाव्याची मागणीच कोणी लेखी करत नाही.

समितीची मुदत संपून पदंच रिकामी असतील तर जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नेमणूक नाही. ती मागणी महिला व बाल विकास विभागाच्या सचिवांकडे, मंत्रालयात करायची.

बालगृह आणि वसतिगृह

पहिला प्रश्न नोंदणीचा. काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणाऱ्या संस्थेला बाल न्याय अधिनियमाच्या कलम 41 खाली नोंदणी लागते, सरकारी अनुदान असो वा नसो. विनानोंदणी संस्था चालवणाऱ्याला कलम 42 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड होऊ शकतो. संस्था अनेक वर्षं उघडपणे चालली असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ती का पाहिली नाही, हा पुढचा प्रश्न.

दुसरा प्रश्न तपासणीचा. कलम 54 प्रमाणे तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी किमान एकदा भेट द्यायची असते. पथकात किमान तीन जण, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. अहवाल आठवड्यात जिल्हादंडाधिकाऱ्याकडे आणि त्यावर कारवाई महिन्याच्या आत. मारहाणीची किंवा लैंगिक छळाची घटना घडली की लगेच आधीच्या वर्षभरातले तपासणी अहवाल मागा. चारऐवजी एकच भेट झालेली असेल, किंवा प्रत्येक अहवालात तेच तेच वाक्य नक्कल केलेलं असेल, तर जबाबदारी एका काळजीवाहकापुरती राहत नाही.

संस्थेच्या कर्मचाऱ्याने किंवा चालकाने क्रूरता केली तर कलम 75 प्रमाणे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. ‘खात्यांतर्गत चौकशी चालू आहे’ हे गुन्हा न नोंदवण्याचं कारण होऊ शकत नाही.

पोलीस गुन्हा घेत नसतील तर

पोक्सोच्या कलम 21 खाली माहिती लपवणारा जसा दोषी, तसा गुन्ह्याची नोंद न करणाराही दोषी. ठाण्यात अर्ज देताना हे कलम लिहिलेलं असू द्या, ते वाचून ठाणे अंमलदार दोनदा विचार करतो. नोंद झाल्यापासून 24 तासांत पोलिसांनी बाल कल्याण समिती आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. ते कळवलं का, हे तिसऱ्या दिवशी समितीत जाऊन विचारा.

मूल हरवलं असेल तर नुसत्या ‘मिसिंग’ नोंदीवर समाधान मानू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या प्रकरणात हरवलेल्या प्रत्येक मुलासाठी गुन्हा नोंदवून तपास करायला सांगितलं आहे. ठाणं ऐकत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्याकडे. पोक्सोचं प्रकरण असेल तर थेट विशेष न्यायालयात. हद्दीचा वाद काढला तर शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न बघता, गुन्हा घ्यायला सांगा.

ऊसतोडीच्या फडावरच्या मुलांच्या बाबतीत हा हद्दीचा वाद हमखास निघतो. घर केज किंवा परतूरला आणि घटना कोल्हापूरच्या कारखान्यावर. गुन्हा जिथे घडला तिथला, पण मूल घरच्या जिल्ह्याच्या समितीकडे बाल न्याय अधिनियमाच्या कलम 95 खाली पाठवता येतं. पाठवल्यानंतर दोन्ही समित्या एकमेकींकडे बोट दाखवतात. म्हणून हस्तांतरणाच्या आदेशाची प्रत आणि मूल ताब्यात घेतल्याची पोच हे दोन कागद तुमच्याकडे असलेच पाहिजेत.

अडकलेला पैसा

बालसंगोपन योजनेचे महिना 2,250 रुपये आणि केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वाचे महिना 4,000 रुपये बहुधा एकाच कारणाने अडकतात: अर्जात त्रुटी निघते आणि ती अर्जदाराला कळवलीच जात नाही. त्रुटी लेखी मागा. सोबत 2005 च्या दप्तर दिरंगाई कायद्याचं कलम 10 लिहा. त्यात नेहमीची फाईल सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर थांबवू नये असं आहे, आणि जाणूनबुजून उशीर केल्यास शिस्तभंगाची कारवाई. लैंगिक अत्याचारग्रस्त मुलांसाठीचं मनोधैर्य योजनेचं अर्थसाहाय्य मात्र जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतं. तो अर्ज महिला व बाल विकास कार्यालयात देऊन काही होत नाही.

माहितीचा अधिकार: काय मागायचं

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत, असा राज्याचा नियम आहे. मोठा अर्ज केला तर त्याच कारणाने परत येतो. मुलांची नावं किंवा प्रकरणातले जबाब मागू नका. ते नाकारले जातील आणि नाकारलेही जायला हवेत. आकडे आणि रजिस्टर मागा: ‘मागील 12 महिन्यांत समितीच्या बैठका किती दिवस झाल्या, सदस्यनिहाय हजेरीची प्रत; चार महिन्यांपेक्षा जास्त प्रलंबित प्रकरणांची संख्या; कलम 54 खालील तपासणी अहवालांच्या तारखा; जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या त्रैमासिक आढाव्याची इतिवृत्तं.’

उत्तर 30 दिवसांत. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांच्या स्टॅम्पवर. दुसरं अपील 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे, मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या. मुलाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर उत्तर 48 तासांत मिळायला हवं. तसं अर्जाच्या माथ्यावर कारणासह लिहा. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर ते जपून ठेवा. आढाव्याची इतिवृत्तंच नाहीत, याचा अर्थ आढावाच झालेला नाही.

जिल्ह्याच्या वर

नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याचा जिल्हा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज 15 दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो आणि न्यायप्रविष्ट विषय घेत नाहीत. पैसा, दाखले, प्रलंबित फाईल यांसाठी तो उपयोगी आहे. अत्याचाराच्या प्रकरणासाठी नाही, कारण तिथे सगळ्यांसमोर बोलावं लागतं.

राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाला चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत: अधिकाऱ्याला बोलावणं, कागद मागवणं. निष्कर्षानंतर तो खटल्याची किंवा अंतरिम साहाय्याची शिफारस करतो आणि उच्च न्यायालयातही जाऊ शकतो. शिफारस म्हणजे आदेश नव्हे, हे लक्षात ठेवून आयोगाकडे जा. तरी त्याने मागवलेले अहवाल पुढे न्यायालयात फार कामाला येतात.

उच्च न्यायालय, मराठवाड्यासाठी त्याचं औरंगाबाद खंडपीठ, हा शेवटचा आणि खरा जोर असलेला टप्पा. मूल बेकायदा ताब्यात असेल तर बंदी प्रत्यक्षीकरण, म्हणजे त्याला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी याचिका. कर्तव्य टाळलं जात असेल तर अनुच्छेद 226 खाली रिट. सरकारी कसुरीने मुलाचा जीव गेला किंवा जीवित-स्वातंत्र्याच्या हक्काचं उल्लंघन झालं, तर भरपाईही रिटमध्ये मागता येते. निलाबती बेहेरा प्रकरणात (1993) सर्वोच्च न्यायालयाने ते तत्त्व पक्कं केलं. संपूर्णा बेहुरा प्रकरणाच्या निकालाचा (9 फेब्रुवारी 2018) आधारही घ्या. त्यात बाल न्याय कायद्याच्या अंमलबजावणीवर उच्च न्यायालयांनी स्वतःहून लक्ष ठेवावं असं म्हटलं आहे.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. महिला आणि बालकांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 प्रमाणे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, खंडपीठात विधी सेवा उपसमिती, फोन 15100.

या सगळ्यात पत्रकार परिषद किंवा फेसबुक पोस्ट करायची असेल तर मुलाचं नाव, फोटो, गाव, शाळा, आईबापाचं नाव, ओळख पटेल असं काहीही देऊ नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 चा भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्यातून तक्रारदारही सुटत नाही. ‘न्याय द्या’ म्हणून मुलीचा फोटो लावलेले फलक चौकात लागतात, त्याने तिचं पुढचं आयुष्य अवघड होतं आणि प्रकरण कमकुवत पडतं.

आदेश हाती आला की त्यातली प्रत्येक मुदत तक्त्यात नव्या ओळीने लिहा. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आदेशाची प्रत जोडून संबंधित कार्यालयाकडे अनुपालन अहवाल मागा, पुन्हा पोचेसह. उच्च न्यायालयाचा आदेश पाळला गेला नाही तर अवमान याचिका करता येते, पण ती अवमान झाल्यापासून एक वर्षाच्या आतच.